दिवसा नीट चालणारा फ्रिज

मला लहानपणापासून एक खोड आहे. शेजारच्या घरात आवाज का चढला हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आई मला भोचक म्हणायची, ताई अजून म्हणते. नशीब असं की नोकरीही मला शोभेलशीच मिळाली. बसस्थानकावर चौकशीची खिडकी असते ना, तिच्या आत मी बसायची. गाडी कधी सुटते, उशीर का झाला, लोक विचारायचे आणि मी सांगायची. पण खरं सांगू का, निम्म्या वेळा मीच त्यांना विचारायची. एवढं सामान घेऊन कुठं निघालात? एकट्याच? डोळे का सुजलेत? मागची रांग चडफडायची. चडफडेना का, मला काय त्याचं.

मग खिडकीच्या डोक्यावर एक मोठा स्क्रीन लागला आणि गाड्यांच्या वेळा त्याच्यावर आपोआप उमटायला लागल्या. स्क्रीन चहाला उठत नाही आणि साहेबांना उलटून बोलत नाही. साहेबांनी गोड बोलून मला निरोप दिला, मी कडू बोलून तो घेतला. बाहेर आले तेव्हा चाळिशी कधीच उलटलेली होती आणि हातात कसलंच कसब नव्हतं. वेळापत्रक तोंडपाठ असणं हे काही कसब नव्हे.

दर रविवारी ताईचा फोन यायचा. ताई दुसऱ्या गावाला असते, मोठं घर आहे, आणि घरात तिच्या सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे गेलेत, उठबस दुसऱ्याने करावी लागते. ताई म्हणायची, "अगं, एकट्या जिवाला वेगळी खोली हवीच कशाला? इकडे ये. सासूबाईंकडे बघायला घरचं माणूस हवंच आहे." ताई मनाने वाईट नाही. पण घरचं माणूस म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे. घरच्या माणसाला पगार नसतो, रजा नसते आणि आतून कडी लावता येईल अशी खोली नसते. माझी खोली जिन्याखाली आहे, पाऊल पडलं की छत वाजतं, पण किल्ली माझ्या कमरेला असते. दुसऱ्याच्या घरात डोकवायला मला आवडतं, राहायला नाही.

शेवटी ताईने मुदतच घातली. मुलांची सुट्टी संपेपर्यंत काम मिळालं तर ठीक, नाहीतर भाऊजी टेम्पो घेऊन येतील आणि सामानासकट मला घेऊन जातील. तिने हे इतक्या मायेने सांगितलं की मला भांडताही येईना.

म्हणून मी तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात गेले. शाळा अर्धवट सुटलेले, नोकरी गेलेले, नव्याने काही शिकू बघणारे, सगळ्यांसाठीचं ते कॉलेज होतं. गेले होते कॉम्प्युटरच्या वर्गाची चौकशी करायला. तो वर्ग भरलेला होता. मग आलेच आहे तर जरा बघावं म्हणून मी बोळकांडीतून हिंडायला लागले आणि मला माहेरच सापडलं. प्रत्येक दाराला काचेचा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाआड कोणीतरी काहीतरी शिकत होतं. एका खोलीत प्लास्टिकच्या डोक्यांवर केसांचे विग लावून बायका कात्री चालवत होत्या. पुढच्या खोलीत टक्कल पडलेला एक गृहस्थ पाव भाजून काढत होता आणि पाव फुगला म्हणून एकटाच हसत होता. त्याच्या पुढच्या खोलीत भिंत बांधत होते, बांधून झाली की पाडत होते. शेवटच्या दारापाशी मात्र माझे पाय थांबले. आत फ्रिजच फ्रिज होते आणि सगळे माझ्याकडे पाठ करून उभे होते. फ्रिजची पाठ मी जन्मात पाहिली नव्हती. एवढ्या नळ्या आत असतात, आणि खाली तो काळा गोळा कसला, मला राहवेना. मी दार ढकललं.

"कोण पाहिजे?" आतल्या मास्तरांनी विचारलं. डोक्यावर पांढरे केस, कानावर पेन्सिल.

"कोणी नको. तो काळा गोळा काय आहे?"

"कॉम्प्रेसर. फ्रिजचं काळीज."

"गरम का आहे मग? फ्रिज तर थंड करतो ना?"

मास्तरांनी पेन्सिल काढली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "नाव घालून या. सोमवारपासून सांगतो."

अशी मी रेफ्रिजरेशनच्या वर्गात शिरले. बाहेर टेबलापाशी नोकरी मिळवून द्यायला एक मॅडम बसायच्या. त्यांनी मला आधीच बजावलं की कॉलेज शिकवेल, कामाच्या दारापर्यंत नेऊन सोडेल, पण दार आपलं आपण उघडायचं. वर्गात मला पहिल्याच दिवशी चौकशीबाई नाव पडलं. माझ्या शेजारी पैलवान बसायचा. जिमबाहेर राखणीचं काम करायचा, जिम बंद पडली. पलीकडे पार्लरवाली. तिला केसांच्या रसायनांनी हाताला पुरळ यायचं म्हणून ती पार्लर सोडून नळ्यांत शिरली होती.

मास्तरांची शिकवायची तऱ्हा त्यांची स्वतःची होती. आधी तांब्याच्या नळ्या वाकवायच्या, जोडायच्या, साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडा येतो का ते बघायचं. मग एकदा हात बसला की लपवाछपवी. एकाने चांगल्या फ्रिजमध्ये गुपचूप बिघाड घालून ठेवायचा. कुठे वायर सोडायची, कुठे थंडी कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट मेलेला बसवायचा. दुसऱ्याने तो हुडकायचा. बाकीचे बघत उभे राहायचे.

या लपवाछपवीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पैलवानाचे पंजे इतके मोठे की ते अरुंद जागी जायचेच नाहीत, तेव्हा त्याचा बिघाड कायम वरवरचा. पार्लरवाली टापटिपीची, जिथली वायर नको इतकी सरळ दिसेल तिथेच तिने हात घातलेला असायचा. आणि ज्याने खोडी केली आहे तो माणूस, मी त्या जागेजवळ पोचले की हमखास खोकतो नाहीतर खिडकीबाहेर बघतो. खाई त्याला खवखवे. मी नळीवरून हात फिरवत जायची आणि खोकला आला की थांबायची. सगळे आ वासून बघायचे. पार्लरवाली म्हणायची, चौकशीबाईंच्या बोटांना डोळे आहेत. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. रविवारी ताईला मी ऐकवलं की तुझ्या टेम्पोला दुसरं भाडं बघ.

मास्तर यावर काहीच बोलायचे नाहीत. एक दिवस त्यांनी एक पिवळट फ्रिज ढकलत आणला आणि माझ्यासमोर उभा केला.

"बाई, काय झालंय सांगा."

मी कंबर कसली, मागे वाकले आणि नेहमीप्रमाणे डोळ्याच्या कोपऱ्यातून माणसं बघितली. पैलवान माझ्याइतकाच उत्सुक. पार्लरवाली मान लांब करून बघत होती. कोणी खोकेना, कोणी खिडकीकडे बघेना. मास्तरांकडे पाहिलं तर ते स्टुलावर बसून सफरचंद खात होते.

"कोणी केलंय?" मी शेवटी विचारलं.

"कोणी नाही. ऑफिसातला आहे. आपला आपण बंद पडला."

मी नळ्या चाचपल्या, वायरी हलवल्या, वायरी तपासायचा मीटर काढला, उलटा धरला, सरळ केला. वर्ग सुटायची वेळ झाली तरी मला काही म्हणजे काही सापडलं नाही. बाकीचे चुळबुळत निघून गेले. पैलवान जाताना हळूच म्हणाला, "होतं असं कधीकधी." त्याने मला जास्तच झोंबलं.

मास्तरांनी सफरचंदाचा देठ टोपलीत टाकला. "बाई, तुम्ही आजवर एकही फ्रिज बघितलेला नाही. तुम्ही आमची तोंडं बघत होता."

"मग काय बिघडलं? बिघाड सापडत होता की नाही?"

"आम्ही लपवलेला सापडत होता. गिऱ्हाइकाने काही लपवलेलं नसतं. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. त्याच्या तोंडाकडे बघून तुम्हाला काय दिसणार?"

माझ्या नाकावरचा राग डोक्यात गेला. म्हटलं, तुमची तऱ्हाच वाकडी, माणसाला आधी चोर-शिपाई खेळायला लावता आणि मग शिपाई झालो म्हणून बोल लावता. पिशवी उचलली आणि तरातरा निघाले. बाहेर नोकरीवाल्या मॅडमनी हाक मारली. म्हणाल्या, शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला घरोघर जाऊन फ्रिज दुरुस्त करणारं एक माणूस हवंय, पुढच्या आठवड्यात परीक्षा, आणि मास्तरांनी तुमचं नाव दिलंय.

"माझं? आत्ता तर माझे वाभाडे काढले त्यांनी."

"नाव सकाळीच दिलं. तुमचं नाही जमलं तर मग पैलवान."

मी आल्या पावली परत गेले. मास्तर दिवे मालवत होते. "माझं नाव का दिलंत?"

"इतके प्रश्न विचारणारं माणूस माझ्याकडे आजवर आलं नाही," ते म्हणाले. "फक्त चुकीच्या ठिकाणी विचारता. हे बघा." त्यांनी मीटरची दोन टोकं माझ्या हातात दिली. "हा एक प्रश्न. ही वायर इथून तिथवर सलग आहे का? टेकवा. वाजला, म्हणजे हो. नाही वाजला, म्हणजे नाही. आता पुढचा प्रश्न. भिंतीपासून सुरुवात करा आणि काळजापर्यंत या. मधला एकही गाळू नका."

त्या दिवशी मला पहिल्यांदा मीटर आवडला. तो लाजत नाही, विषय बदलत नाही, तुम्हाला काय करायचंय असं म्हणत नाही. विचारलं की सांगतो. भिंतीपासून वायर बरी, थर्मोस्टॅट बरा, आणि कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा एक चिमुकला रिले असतो तिथे मीटर गप्प झाला. रिले हलवला तर आत खुळखुळला. जळून गेला होता. मी इतकी खूश झाले की मास्तरांना विचारलं, हा का जळला? आणि आधीच का नाही जळला? ते म्हणाले, घरी जा आता.

परीक्षेपर्यंत मी रोज शेवटपर्यंत थांबले. कॉलेजातले सगळे आपले आपण बिघडलेले फ्रिज संपवले, मग पाव भाजणाऱ्यांच्या वर्गातलं थंड कपाट संपवलं. तिकडे त्या टक्कलवाल्याने मला गरम पाव दिला. त्याला बेकरीत काम लागलं होतं.

सर्व्हिस सेंटरची कार्यशाळा म्हणजे नुसता कल्ला. एकीकडे कोणी वॉशिंग मशीन गरगरा फिरवून बघतंय, दुसरीकडे पत्रा कापतायत. मॅनेजर काटकुळा, फोन कानाला चिकटवलेला. त्याने कोपऱ्यातला एक फ्रिज दाखवला.

"हा आमच्या डोक्याला ताप झालाय. तक्रार अशी की थंड राहत नाही, सकाळी बर्फ वितळलेला असतो, खाली पाणी, दूध नासतं. आमच्या माणसाने एकदा गॅस भरला, मग थर्मोस्टॅट बदलला. दिवसा बघायला गेलं की नीट चालतो. काल उचलूनच आणला. संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. नाही जमलं तर उद्या तुमचा तो पैलवान येतोय."

मी भिंतीपासून सुरुवात केली. वायर बरी. थर्मोस्टॅट कोरा करकरीत, बरा. रिले बरा. साबणाचा फेस सगळ्या जोडांना लावला, एक बुडबुडा येईल तर शपथ. दाराच्या रबरात कागद धरून ओढला, घट्ट. दुपारपर्यंत आत बर्फ जमला. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला फ्रिज हो म्हणत होता.

मनात आलं, मॅनेजरनेच काही करून ठेवलंय का? जुनी सवय जाते थोडीच, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने जांभई दिली. जांभई देणाऱ्या तोंडावरून काहीच कळत नाही. मग आणखी वाईट मनात आलं. गॅस जरा कमी होता, भरला, असं ठोकून द्यावं. कोण बघायला येतंय? पण हा फ्रिज घरी जाणार, परत दूध नासणार, आणि मला मात्र शेवटपर्यंत कळणार नाही की ते का नासलं. ते मला सहन झालं नसतं.

मी मॅनेजरकडे गेले. "फ्रिजमध्ये बिघाड नाही. मला गिऱ्हाइकाचा नंबर द्या."

"परीक्षा तुमची आहे का गिऱ्हाइकाची?"

"फ्रिजला जे सांगायचं होतं ते त्याने सांगितलं. आता घर काय म्हणतं ते ऐकते."

त्याने खांदे उडवले आणि नंबर दिला. मी बाहेर पायरीवर जाऊन फोन लावला. पलीकडे म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"फ्रिजवाले का?" त्यांनी विचारलं. "आणताय का परत?"

आता बघा, ज्या घरचा फ्रिज दुरुस्तीला गेलाय ते कसं विचारतं ते मास्तरांनी कॉलेजात पुष्कळदा ऐकवलं होतं. कधी आणताय, अजून का नाही, दूध कुठं ठेवायचं आम्ही. या बाईंच्या आवाजात धास्ती होती.

"झाला की आणू, आजी."

"घाई नाही हो. सावकाश करा. काल किती दिवसांनी डोळा लागला माझा."

मी विचारलं, "आजी, तुम्ही झोपता कुठे?"

"स्वयंपाकघरात. मुलाने पलंग घेऊन दिलाय, नवा आहे, चांगला आहे."

"आणि फ्रिज?"

"उशाशी."

"मग रात्री तुम्ही काय करता?"

"काय करणार बाई. तो घरघरतो, पलंग हलतो, डोक्यात दणके बसतात." त्यांनी आवाज खाली आणला. "बटण बंद करते. सून उठायच्या आत परत लावते. सांगू नका हं कुणाला."

"मुलाला का नाही सांगितलंत, आवाज होतो म्हणून?"

"त्यांनी जागा दिली आहे मला. त्यात आणि कुरकुर कुठं करायची?"

बिघाड सापडला म्हणून मी नाचायला हवं होतं, आणि मी त्या पायरीवर बसून रडले. ताईच्या घरातली मी मला दिसले. कुठल्यातरी खोलीत, कुणाच्यातरी सोयीच्या कोपऱ्यात, नवा पलंग मिळाला म्हणून गप्प बसलेली.

डोळे पुसले आणि आत गेले. वॉशिंग मशीनवाल्याला म्हटलं, बाबा, जरा ते बंद कर. पत्रेवाल्यालाही थांबवलं. मग फ्रिज चालू केला आणि त्याच्या कुशीवर हात ठेवला. हाताला झिणझिण्या आल्या. कॉम्प्रेसर चार रबरांवर बसवलेला असतो, त्याची थरथर बाहेर येऊ नये म्हणून. त्यातली दोन रबरं कडक होऊन चिरली होती आणि मागची एक नळी पत्र्याला टेकून थडथडत होती. एवढ्या कल्ल्यात ते कोणाला ऐकू येणार? शिवाय तक्रार थंडपणाची होती, आवाजाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी रबरं बदलली, नळी अलगद वाकवून मोकळी केली. आता हात ठेवला तर फ्रिज चालू आहे का बंद, कळेना.

"आवाजाचा बिघाड होता, काढला," मी मॅनेजरला सांगितलं.

"तक्रार थंड न राहण्याची आहे."

"थंड राहत नाही कारण रात्री बंद राहतो. बंद राहतो कारण आवाज करतो."

त्याने पहिल्यांदा फोन खाली ठेवला. "बंद कोण करतं?"

आयुष्यभर मी बातम्या वाटल्या. अमक्याची सून माहेरी का गेली, तमक्याने गाडी का विकली, पोटात ठेवलं तर मला अजीर्ण होतं. आणि इथे तर बातमी सांगितली की नोकरी मिळत होती. पण हा मॅनेजर ती बातमी त्या घरी फोन करून सांगणार, घरातले त्या म्हातारीला बोलणार, आणि तिची झोप गेली ती गेलीच.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं.

"नोकरी हवी आहे ना तुम्हाला?"

"हवी आहे. फार हवी आहे. फ्रिज दुरुस्त आहे. घरात कोण काय करतं ते त्यांचं त्यांच्यापाशी."

मॅनेजर म्हणाला, "ठीक. पैलवानाला थांबायला सांगतो. फ्रिज पोचवायला तुम्हीच बरोबर जा. आठवडाभरात तक्रार आली नाही तर सोमवारपासून कामावर या. आली तर तो येईल."

म्हणजे माझी नोकरी आता त्या म्हातारीच्या हातात होती आणि मला तिला तसं सांगताही येत नव्हतं. आम्ही फ्रिज घेऊन गेलो तेव्हा सून घरात होती. चांगली हसतमुख बाई, दमलेली. आजी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, फ्रिजकडे वैऱ्याकडे बघावं तशा बघत होत्या. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं आणि मान खाली घातली. मी फ्रिज भिंतीपासून जरा पुढे ओढून लावला, चालू केला आणि म्हटलं, "आजी, इथे हात ठेवा बघू."

"आईंना काय कळतंय त्यातलं?" सून हसून म्हणाली.

"त्यांच्या उशाशी आहे ना, त्यांनाच कळणार."

सुनेने पलंगाकडे पाहिलं, मग फ्रिजकडे, मग परत पलंगाकडे. तिचं हसू गेलं. आजींनी हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"लावलाय ना?"

"लावलाय. आवाज झाला तर मला फोन करा. मलाच."

त्या आठवड्यात मी कॉलेजात गेले पण माझं लक्ष कशातच नव्हतं. ताईचा फोन येऊन गेला, भाऊजींनी टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं होतं. रविवारी सकाळी मला राहवेना, मीच मॅनेजरला फोन केला. "तक्रार आली का?"

"कुठली?" तो म्हणाला. त्याच्या लक्षातही नव्हतं. मग हसला. "नाही आली. या उद्यापासून."

मी आधी मास्तरांना कळवलं. ते म्हणाले, बरं, मीटर कॉलेजचा आहे तो परत आणून द्या. पैलवानाला कळवलं तर तो म्हणाला, बाई, तुमच्यामुळे माझं नुकसान झालं, आता पेढे नकोत, जेवणच हवं. त्याला महिन्याच्या आत मॅडमनी बर्फाच्या कारखान्यात लावून दिलं.

मग मी ताईला फोन केला.

"ताई, टेम्पो नको पाठवूस. मला काम लागलं."

"कसलं?"

"फ्रिज दुरुस्तीचं."

"तुला? फ्रिज?" ताई हसली, आणि हसता हसता तिचा आवाज एकदम फाटला. "मग सासूबाईंचं मी काय करू गं? मी एकटी पुरी पडत नाही. दिवसभर चिडचिड करतात, जेवत नाहीत, काय हवंय ते सांगत नाहीत."

माझी ताई अशी कधी बोलत नाही. तिला मी नको होते, तिला मदत हवी होती, हे मला इतक्या महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. भोचक म्हणे मी.

"ताई, सासूबाई झोपतात कुठे?"

"कुठे म्हणजे? बाहेरच्या खोलीत. न्हाणीघर जवळ पडतं म्हणून."

"टीव्ही कुठे आहे?"

"तिथेच. मुलं बघतात उशिरापर्यंत. पण त्यांना चालतं ते, त्या कधी काही म्हणाल्या नाहीत."

"विचारलंस?"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, तिच्या चपला फटक फटक लांब गेल्या. टीव्ही बंद झाला. मग लांबून तिचा आवाज ऐकू आला, "आई, तुम्हाला इथे झोप लागते का हो?"

मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला. शब्द कळत नव्हते. सासूबाई बराच वेळ बोलत होत्या, आणि ताई मध्ये एकदाही बोलली नाही.